गोव्याला पोचायची एवढी घाई कशाला, तेरेखोलच्या काठावर उतरा की जरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या एका रविवारी तुमच्या पुरवणीत लाँग वीकेंडला कुठे जायचं याचं पान आलं होतं. त्यात मालवण-तारकर्ली होतं, गोवा होता आणि दोघांच्या मधे काहीच नव्हतं, वेंगुर्ल्यापासून गोव्यातल्या हरमलपर्यंतचा अख्खा किनारा गाळलेला. मी आरोंद्याची, म्हणजे माहेर आरोंदा, सिंधुदुर्गात तेरेखोल नदीच्या काठावरचं, लग्न होऊन ठाण्याला आले त्याला सत्तावीस वर्षं झाली पण वर्षातनं दोनदा तरी जाणं होतंच, त्यामुळे ते पान वाचून जीव कळवळला आणि म्हटलं आता लिहायचंच. पत्र जरा लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

होतं काय, की मुंबई-पुण्याहून निघालेली गाडी रात्रभर चालते, पहाटे कुडाळ मागे टाकते, झारापला बायपास धरते म्हणजे सावंतवाडी शहर पण चुकतं, मग बांदा, पत्रादेवी आणि गाडीत एकदम "आला गोवा" म्हणून ओरडाआरडा. आता तर गोव्यात मोपाचा विमानतळ झालाय, जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरतात आणि मोपा म्हणजे बांद्याच्या अगदी उशाला, पण तिथे उतरलेला माणूस टॅक्सीत बसतो आणि गाडीचं तोंड वळतं ते दक्षिणेकडेच. त्याच्या सव्वा वर्ष आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, तो तर वेंगुर्ले तालुक्यातच. म्हणजे दोन बाजूला दोन विमानतळ, मधून कोकण रेल्वे, वर चारपदरी हायवे, आणि तरी मधल्या पट्ट्यात कुणी पायउतार होत नाही. पोचायची सोय झाली, थांबायचं मात्र राहूनच गेलं.

ज्या पत्रादेवीवरून गाड्या भरधाव जातात तिथे रस्त्याच्या कडेला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातले सत्याग्रही हातात फक्त तिरंगा घेऊन या सरहद्दीवरून गोव्यात शिरले होते आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पंजाबातून आलेला कर्नैल सिंग बेनिपाल नावाचा तरुण शिक्षक इथे गोळी लागून गेला. कुठे पंजाब आणि कुठे गोव्याचं हे पेडणं. दहा मिनिटं लागतात हो तिथे थांबायला, आणि मुलं गाडीत असतील तर त्यांना सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आता ही सरहद्द म्हणजे नक्की काय ते सांगते कारण लांबून बघणाऱ्याला ती एक रेघ वाटते. आमच्याकडे सरहद्द म्हणजे तेरेखोल नदी. अलीकडे आरोंदा, पलीकडे किरणपाणी. मधे खाडीचं पाणी, दोन्ही काठाला माड, दोन्हीकडे तीच चिऱ्याची घरं, तीच तुळशीवृंदावनं, दोन्हीकडे तेच देव, सातेरी, रवळनाथ, माऊली. चतुर्थीला गणपतीवर जी फळापानांची चौकट बांधतात तिला आम्ही माटवी म्हणतो आणि ते माटोळी म्हणतात, एवढाच काय तो फरक. दशावतारी नाटक लागलं की आमची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे, रात्र रात्र जागून बघतात. पेडणं १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलं, त्याच्या आधी हा सगळा एकच मुलूख, आणि देवळं, सोयरिकी, जत्रा यांनी ते कधी मनावर घेतलंच नाही.

माझ्या आजीची सख्खी बहीण पलीकडे दिलेली. १९५५ नंतर सरहद्द बंद झाली आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटेपर्यंत या दोघी बहिणींची भेट नाही. आजी सांगायची की आरोंद्याच्या धक्क्यावर संध्याकाळी जाऊन उभं राहायचं, पलीकडे कुणी लुगड्यातली बाई दिसली की ती आपलीच बहीण असं धरायचं, आणि कापडाचं टोक हलवायचं. खरंच तीच होती की दुसरी कोण, कुणाला ठाऊक. मी लहान असताना तिच्याबरोबर धक्क्यावर गेले की ती दरवेळी म्हणायची, "नदी काय फिरंग्याची नाय गो, नदी आमची आसा." आता तिथे पूल आहे, आरोंदा-किरणपाणी, मोटारसायकलवर दोन मिनिटांत पलीकडे. मी अजूनही तो पूल चालतच पार करते.

आणि या नदीच्या तोंडावर जो तेरेखोलचा किल्ला आहे त्याची गंमत तर बऱ्याच मराठी लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही. किल्ला नदीच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या काठाला, जमीन महाराष्ट्राला चिकटलेली, रेडीवरून सरळ डांबरी रस्ता जातो, पण किल्ला आणि खालचं तेरेखोल गाव मात्र गोव्याचं. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि तेव्हापासून तो तुकडा तिकडेच राहिला. आतमध्ये सेंट अँथनीचं चर्च. १५ ऑगस्ट १९५४ ला, म्हणजे पत्रादेवीच्या एक वर्ष आधी, सत्याग्रही या किल्ल्यात घुसले आणि तिरंगा लावला, पकडले गेले, तुरुंगात गेले. आज तेरेखोलच्या माणसाची पंचायत पलीकडे केरीला आहे. तिथे जायचं तर एक तर फेरीबोट, नाहीतर रेडी-शिरोडा-आरोंदा असा महाराष्ट्रातून वळसा घालून, किरणपाणीच्या पुलावरून परत गोव्यात. स्वतःच्या पंचायतीत जायला दुसऱ्या राज्यातून जायचं, असं जगणारी माणसं आहेत ही, आणि त्यांचं गाव बघायला अर्धा दिवस पुरतो.

मग फिरायचं कसं, तर माझं म्हणणं असं की वेंगुर्ल्यापासून सुरुवात करा आणि हायवे विसरून जा. सागरी रस्ता धरा, वेंगुर्ला, मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल, मग फेरीबोटीने केरी आणि तिथून हरमल. किलोमीटर मोजले तर थोडेच आहेत, एका दिवसात सहज होईल, पण एका दिवसात करू नका. निदान तीन रात्री द्या.

वेंगुर्ल्यात समुद्र तर आहेच पण आधी गाव बघा. पूर्वी मुंबईहून आगबोट लागायची ते हे बंदर, त्याच्याही आधी डचांची वखार होती इथे, तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. बाजारात सकाळी मासळी येते तेव्हा जा. मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, स्वतः वल्हवतात, कुठल्या झाडाची मुळं वर का येतात, कुठला पक्षी कधी येतो ते सांगतात, आणि हे सगळं मालवणीतून. मी गेल्या खेपेला माझ्या नणंदेला आणि तिच्या नातवाला घेऊन गेले होते, नातू सात वर्षांचा, मोबाईल हातातून सुटत नाही असा, तो त्या होडीत पाऊण तास खेकडे मोजत बसला. आणि वेंगुर्ल्याचा कचऱ्याचा डेपो पण बघण्यासारखा आहे हे मी मनापासून सांगते. नगरपालिकेने कचरा वेगळा करून करून त्या जागेची अक्षरशः बाग केली आहे, लोक सहलीने बघायला येतात. किनाऱ्यावर प्लास्टिक टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी तिथे न्यायला हवं.

आरवलीला वेतोबा. हा आमचा गावराखण. मूर्ती माणसापेक्षा उंच, आणि नवस फेडायचा तो केळीच्या घडाने नाहीतर चामड्याच्या चपलांनी. चपला पण केवढ्या, माझी अख्खी पावलं दोनदा मावतील एवढ्या. वेतोबा रात्री गावाच्या वेशीवरून फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. लहानपणी आई मला तिथल्या जुन्या चपलांचे तळवे दाखवायची, बघ झिजल्यात की नाही. श्रद्धा ठेवा न ठेवा, पण शांतपणे दर्शन घ्या आणि तिथे रील काढत बसू नका ही हात जोडून विनंती.

शिरोड्याला लोक येतात ते वेळागरच्या बीचसाठी. सुरूची झाडं, लांबच लांब पांढरी वाळू, सुंदरच आहे, वादच नाही. पण शिरोडा म्हणजे मुख्य मिठागर. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, हे आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात दांडीच्या सावलीत हरवून जातं. वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षं इथल्या शाळेत मास्तर होते, ते याच गावच्या वाटांवरून चालले. मिठागर बघायचं तर जानेवारी ते मे मध्ये, ऊन तापलेलं असताना. चौकोनी चौकोनी वाफे, त्यात भरतीचं पाणी घेऊन कोंडलेलं, दिवसेंदिवस आटत जातं आणि मग एका सकाळी पाण्यावर पातळ साय धरल्यासारखं दिसतं. ती साय म्हणजे मीठ. लांब दांड्याचं लाकडी फळकुट घेऊन माणूस अनवाणी वाफ्यात उभा राहतो आणि ते कडेला ओढत नेतो, ओढताना बारीक कुरकुर असा आवाज येतो, काचेवर वाळू घासावी तसा. ढीग लागतो तो पांढराशुभ्र नसतो, किंचित मातकट, राखाडी. माझ्या काकांच्या ओळखीचे एक जण तिथे काम करायचे, त्यांच्या पायाच्या टाचांना कायमच्या भेगा, आणि त्या भेगांत मीठ जाऊन जाऊन तिथलं कातडं लाकडासारखं झालेलं. त्यांनी मला ओंजळभर मीठ दिलं होतं, तेच आईने त्या वर्षी कैरीच्या लोणच्याला वापरलं. असली मिठागरं आता कमी होत चाललीत, घेणारं गिऱ्हाईक पाकिटातलं मीठ घेतं. येणाऱ्या पाहुण्यांनी जाताना किलोभर जाडं मीठ नेलं तरी त्या माणसांना बरं वाटेल.

रेडीचा गणपती सगळ्यांना माहीत आहे, १९७६ साली खाणीत सापडलेली दोन हातांची मोठी मूर्ती, तिथे गर्दी असतेच. पण शेजारचा यशवंतगड बघायला फार कोणी जात नाही. भिंतींवर वडाच्या मुळ्यांनी अशी काही पकड घेतलीय की दगडाला मुळी धरून आहे की मुळीला दगड ते कळत नाही. वर गेलात की खाली रेडीचा किनारा आणि समोर पसरलेला समुद्र. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात जा, गवत पिवळं व्हायला लागलेलं असतं. चप्पल घालून चढू नका, बूट घाला, जनावराची म्हणजे सापाची भीती असते.

आणि मग फेरीबोट. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. किल्ल्यापासून खाली धक्क्यावर या, बोट पलीकडे असेल तर वाट बघा, चहा मिळाला तर प्या. बोट येते, पुढचं लोखंडी फळकं धाडकन धक्क्यावर पडतं, आधी माणसं उतरतात, मग स्कूटरी, मग गाड्या. टोपल्या घेतलेल्या कोळणी, दप्तरवाली पोरं, पाव घेऊन निघालेला पोदेर, कुणाची तरी गॅसची टाकी. ओहोटी असली तर बोट सरळ जात नाही, पाणी समुद्राकडे ओढत असतं म्हणून चालवणारा ती आधी वरच्या अंगाला तिरकी घेतो आणि मग हळूहळू पलीकडच्या धक्क्याला आणून लावतो. पाचसात मिनिटांचा प्रवास. डाव्या हाताला नदी आत वळत गेलेली, उजव्या हाताला उघडा समुद्र, मागे किल्ला. या पाचसात मिनिटांत तुम्ही राज्य बदलत नाही, कारण दोन्ही धक्के गोव्याचेच, पण मघाशी रेडीतून किल्ल्याकडे येताना रस्त्यावर कुठे बदललं तेही तुम्हाला कळलेलं नसतं. सरहद्द म्हणजे काय आणि ती माणसाच्या रोजच्या जगण्यात किती असते नि किती नसते, ते त्या बोटीत बसल्यावर समजतं.

पलीकडे केरीचा किनारा, सुरूच्या सावलीचा. तिथून हरमलच्या बाजूला डोंगराचं टोक आहे, त्यावरून लोक पॅराग्लायडिंग करतात, आणि डोंगरापलीकडे हरमलचं गोड्या पाण्याचं तळं, समुद्रापासून अगदी थोड्या पावलांवर. हरमलला विदेशी लोक, कॅफे, संगीत सगळं आहे, ज्यांना हवं त्यांनी तिथे राहावं. मला विचाराल तर मुक्काम अलीकडे करा, शिरोडा नाहीतर आरोंद्याला, घरगुती राहायची सोय आहे, सकाळी घावणे नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, दुपारी तिरफळ घातलेली बांगड्याची कढी, आणि पैसे थेट घरच्या बाईच्या हातात जातात.

आतल्या बाजूचं थोडक्यात सांगते. सावंतवाडीला मोती तलाव, राजवाड्यातले गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते आणि चितारआळीतली लाकडी खेळणी, मुलांना प्लास्टिकचं काही घेण्याऐवजी तिथली फळं-भाज्यांची टोपली घ्या. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेनंतर असते, ती ज्याने पाहिली तो विसरत नाही. दोडामार्गात तिलारीचं धरण, महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं मिळून बांधलेलं, पाणी कालव्यातून गोव्याला जातं. तिथलं रान दाट आहे, आणि २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले ते त्या भागातच फिरतायत, पेडण्यातही उतरतात. शेतकऱ्यांच्या माड-केळींची जी नासाडी होते ती बघवत नाही, त्यामुळे हत्ती दिसेल म्हणून मोबाईल घेऊन त्यांच्या मागे धावू नका, तिथल्या माणसांचा जीव रोज टांगणीला असतो. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर काजूच्या बोंडांचा वास सगळ्या रस्त्याला येतो. आमच्याकडची बोंडं टेम्पो भरभरून गोव्यात जातात, तिथे त्याचं हुर्राक आणि फेणी होते. आमच्या शेतकऱ्याला बी चे पैसे मिळतात आणि बोंडाचे मिळाले तर मिळाले. यावर महाराष्ट्र सरकारने काहीतरी करावं असं मला फार वर्षं वाटतंय.

आता जे सांगायला जड जातंय ते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्याच घरातली मुलं, माझ्या दिरांचा मुलगा आणि त्याचे मित्र, गाडी घेऊन आमच्याबरोबर आले होते. वेळागरच्या पुढे जिथे वस्ती कमी आहे तिथे ओहोटीला वाळू अगदी रस्त्यासारखी कडक दिसते, यांनी गाडी खाली उतरवली. मी नको नको म्हणत होते. फोटो झाले, फेऱ्या मारून झाल्या आणि वळवताना मागचं चाक रुतलं. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकं खाली. आणि पाणी वर यायला लागलेलं. त्या दिवशी जरा लांब रापण ओढत होते, म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची, पंचवीस-तीस माणसं लागतात, बायका पण असतात. त्यांनी जाळं ओढून होईपर्यंत थांबायला लावलं आणि ते बरोबरच होतं, तोपर्यंत पाणी दरवाजाच्या निम्म्याला. मग त्याच रापणीच्या दोराने सगळ्यांनी मिळून गाडी ओढून काढली. पैसे द्यायला गेलो तर घेईनात. त्यातले एक म्हातारे काका, लंगोटीवर, अंगावर खारं पाणी सुकून पांढरं झालेलं, त्या मुलाला एवढंच म्हणाले, "बाबल्या, हंय खाली कासवीन अंडी घालता रे." ओरडले नाहीत. मुलाचं तोंड बघवत नव्हतं.

ते खरं आहे. ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर रात्री येऊन अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खड्डा करून. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला गावकरी ती घरटी राखतात, कासव जत्रा पण भरवतात, आणि गोव्यात मोरजीला पण येतात ती कासवं. घरट्यावरून टायर गेलं की वाळू दाबली जाते आणि पिल्लाला वर येता येत नाही, एवढं साधं आहे. आणि हा प्रकार रोज चालतो, दोन्ही राज्यांत बंदी असून चालतो. एखाद्या ठिकाणी बोर्ड आहे तर त्याच्या शेजारूनच गाडी खाली जाते. मला वाटतं जिथे जिथे गाडी खाली उतरू शकते तिथे आडवे चिरे रोवले तरी पुष्कळ होईल, फार खर्चाचं काम नाही, चिरे आमच्याकडे ढिगाने आहेत.

दुसरी गोष्ट, दोन्ही सरकारांनी या पट्ट्याकडे एकदा एकत्र बघावं. सिंधुदुर्गाच्या नकाशात तेरेखोल नदीनंतर पांढरा कागद, आणि पेडण्याच्या नकाशात नदीच्या वर पांढरा कागद, असं कसं चालेल? रेडीला उभ्या असलेल्या माणसाला फेरी किती वाजेपर्यंत आहे ते सांगणारा बोर्ड नाही, केरीला उतरलेल्याला शिरोड्याची एसटी कुठून मिळते ते सांगणारा नाही. एका वर्षी आम्ही संध्याकाळी धक्क्यावर पोचलो, फेरी नुकतीच बंद झालेली, बरोबर सासूबाई, वय पंच्याहत्तर, आणि अंधारात परत शिरोडा-आरोंदा वळसा. बायकांसाठी बाथरूम तर या सगळ्या किनाऱ्यावर शोधून सापडत नाही. देवळात नाहीतर कुणाच्या तरी घरी विचारायचं. घरची माणसं कधी नाही म्हणत नाहीत, हे त्यांचं मोठेपण, पण अशी वेळ का यावी?

आणि आमची माणसं तशीही रोज ये-जा करतच असतात. कामाला गोव्यात, बाजाराला बांद्यात, आणि आजारी पडलं की गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. माझ्या वडिलांना शेवटच्या दुखण्यात तिकडेच नेलं होतं, पहाटे चार वाजता, किरणपाणीच्या पुलावरून. तेव्हा पुलावर धुकं होतं आणि खाली कुणाची तरी एक होडी, दिवा लावून. म्हणून मी म्हणते की रस्ते आणि पूल करायचे ते पर्यटकांसाठी म्हणूनच करायचे असं नाही, तिथल्यांसाठी करा, पाहुण्यांचं त्यातच होऊन जातं. एक सरळ सागरी बस, वेंगुर्ल्याहून निघून शिरोडा-आरोंदा-किरणपाणी-केरी-हरमल करत जाणारी आणि परत येणारी, दिवसातून चार खेपा, लालपरी असो की गोव्याची कदंबा, कुठलीही चालेल. कॉलेजची पोरं बसतील, मासळीवाल्या बसतील, आणि हातात सॅक घेतलेला मुंबईचा पोरगा पण बसेल.

येणाऱ्यांना आणखी दोन-तीन गोष्टी. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरू नका, कितीही शांत दिसला तरी, त्या दिवसांत इथले दर्यावर्दीसुद्धा उतरत नाहीत, जून-जुलैत तर यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते. पण पावसाळ्यात या जरूर, सडे म्हणजे कातळाची पठारं हिरवी होतात, फुलं येतात, आणि समुद्र लांबून बघायचा. भाड्याची गाडी असेल तर दुसऱ्या राज्याचं परमिट आधीच विचारून घ्या. येताना गोव्यातून बाटल्या आणायच्या भानगडीत पडू नका, नाक्यावर तपासणी असते आणि तासन् तास जातात. त्याहून वाईट म्हणजे त्या रिकाम्या बाटल्या फुटून वाळूत पडतात, रापण ओढणारी माणसं अनवाणी असतात.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा तुमचा एखादा वार्ताहर सावंतवाडी रोड स्टेशनला उतरवा आणि त्याला सांगा की चार दिवस हायवेला पाय लावायचा नाही. तेरेखोल-केरी फेरीच्या वेळा, वेंगुर्ला आणि सावंतवाडी आगाराच्या शिरोडा-रेडी-आरोंदा गाड्यांच्या वेळा, आणि किनाऱ्यावर गाडी नेली तर दंड किती, एवढी माहिती चौकटीत छापा, मोठ्या अक्षरात. मी ते कात्रण लॅमिनेट करून आरोंद्याच्या धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीत लावीन, टपरीवाला माझ्या भावाचा वर्गमित्र आहे, त्याला आत्ताच फोन करून विचारलंय आणि तो हो म्हणालाय.

कळावे,
आपली एक नेहमीची वाचक,
माहेर आरोंदा, मुक्काम ठाणे